किती हाका मारायच्या

वॉर्डात मला सगळे फौजदार म्हणतात. म्हणतात पाठीमागे, पण मला बरोबर ऐकू येतं. पंचवीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे आणि मला एक खोड आहे. कुणाचं हृदय बंद पडलं, की छाती दाबताना बाकीचे नुसते आकडे मोजतात. मी मोजता मोजता पेशंटला दटावतेही, तेसुद्धा सरळ अरे-तुरे करून. मग तो मोठा साहेब असो नाही तर कुणाचे आजोबा. शुद्धीवर आला की पुन्हा अहो-जाहो. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, पण गप्प राहून ते काम मला जमतच नाही.

सोमवारी सकाळी टेलरकाकांचं हृदय चार मिनिटं थांबलं. मी घामाघूम होऊन दाबत होते आणि ओरडत होते, "ऊठ रे! किती हाका मारायच्या तुला?" काका परत आले.

बुधवारी त्यांच्या तोंडातली श्वासाची नळी काढली. आवाज फुटल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपण एका अंधाऱ्या बोळातून चाललो होतो, पलीकडे उजेड होता आणि उजेडातून आईनं हाक मारली. ऊठ रे, किती हाका मारायच्या तुला. मी तिथंच सलाईनची बाटली लावत होते.

त्यांच्या मेहुण्यांना अध्यात्माचा भारी नाद. त्यांचा चेहरा उजळला. आत्मा देहाबाहेर पडला होता, आईनं उंबरठ्यावरून माघारी धाडला, याहून मोठा पुरावा कोणता, असं ते म्हणाले. डॉक्टर मान हलवत हसले. मेंदूला रक्त कमी पडलं की नजरेच्या कडा विझत जातात, मधेच उजेड उरतो, म्हणून बोळ दिसतो. कान मात्र बराच वेळ जागे राहू शकतात, आणि ऐकलेल्या तुकड्यांची गोष्ट मेंदू मागाहून जुळवतो, असं त्यांचं म्हणणं. सगळं अजून कळलेलं नाही, हेही त्यांनी कबूल केलं. दोघांची पलंगाच्या दोन बाजूंनी चांगलीच जुंपली. काकांकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

ते गेल्यावर मी रक्तदाब बघायला बसले, तेव्हा काकांनी आपणहून सांगितलं. ज्या मशीनवर आईनं त्यांना शिवायला शिकवलं, ते त्यांनी तिला न विचारता विकून टाकलं. भंगारच झालं होतं, म्हणाले. आईनं अबोला धरला. एका घरात आठ वर्षं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तीही एक शब्द न बोलता.

"आणि परवा बोलली," काका म्हणाले. "पण डॉक्टर म्हणतात कान जागे असतात. तुम्ही होतात ना तिथं, सिस्टर? त्या वेळी खोलीत कुणी काही बोललं का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! म्हातारा सुखानं घरी गेला असता. पण खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही, आणि त्या क्षणी मला माझ्या जिभेचा मनापासून राग आला.

"मी बोलले, काका. तेच शब्द. माझी सवय आहे ती."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, हातांनी जगवलं आणि तोंडानं मारलं.

"म्हणजे ती नाहीच बोलली."

"ते मला नाही माहीत. मी बोलले, एवढंच माहीत आहे."

यंत्रावरचे ठोके नीट चालले होते, तरी मी उगाच त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग भिंतीकडे बघतच काकांनी विचारलं, "हाक ऐकून मी 'आलो गं, आई' म्हणालो होतो. ते तुम्ही ऐकलंत?"

"नाही. कसं ऐकणार? तुमच्या तोंडात नळी होती."

"आणि ते तुमच्यापैकी कुणी म्हटलं नाही?"

"आम्ही कशाला म्हणू?"

"मग ते माझंच," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण ते त्यांनी पुसले नाहीत. "आई आठ वर्षं बोलली नाही, असं मी जगाला सांगत आलो. मीसुद्धा तिला एकदाही हाक मारली नव्हती, सिस्टर."