सोडू नकोस, गोचा!

वरच्या गावाला यंदा चेंडू हवाच होता, आणि तो कुणासाठी हवा होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्सिउरीचा थोरला, लेवान, गेल्या पानगळीत नदीत बुडाला. ईस्टरचा हा खेळ म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण तो होता तोवर दरवर्षी चेंडू खालच्या गावानेच नेला. जिंकलेलं गाव आपल्या गेलेल्या माणसाच्या कबरीवर चेंडू ठेवतं, ही आजा-पणजापासूनची रीत. जिवंतपणी नाही लाभला, मेल्यावर तरी लाभू दे, एवढंच त्सिउरीचं मागणं होतं. ईस्टरआधीच्या सबंध उपवासात तिने देवापाशी दुसरं काही मागितलंच नाही.

सकाळी चर्चमधून निघून ती कबरस्तानात गेली. कबरीवर तिने ईस्टरचं लाल अंडं गडगडवलं, वाइन शिंपडली आणि लेवानला बजावलं, "संध्याकाळपर्यंत धीर धर. गोचा आणतोय."

गोचा तिचा धाकटा. बोलायला कमी, अंगाने रेड्यासारखा. वरच्या गावाची सगळी भिस्त त्याच्यावर.

परतताना वाटेत दातो भेटला. हा खालच्या गावचा, पण त्सिउरीचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातांवर धरला होता, त्याच्या वतीने सैतानाला नाही म्हणणारीही तीच. आता पोरगा ताडमाड वाढला होता. ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे त्याने आपलं अंडं तिच्या हातातल्या अंड्यावर टणकन आपटून तिचं फोडलं.

"माई, आज तुझ्या गोचाला चिखलात लोळवतो बघ!"

"जा रे मेल्या, आधी मिशा तर फुटू देत नीट."

तो हसत तिच्या गालाची पापी घेऊन पळाला. त्सिउरीही हसली. किती महिन्यांनी हसली कोण जाणे.

पाद्रीबाबांनी चेंडूवर वाइन ओतली, आशीर्वाद दिला आणि तो गर्दीत टाकला. चेंडू कसला, चामड्यात माती ठासून शिवलेला धोंडाच तो. चालायला लागलेल्या पोराएवढं जड. खेळाला नियम फार नाहीत. वरच्यांनी तो वरच्या ओढ्यात न्यायचा, खालच्यांनी खालच्या. मधे सगळी पुरुषमाणसं एकमेकांच्या अंगावर. कुंपणं मोडली, एका म्हातारीची कोंबड्यांची खुराडी आडवी झाली, आणि ती काठी आपटत शिव्यांची लाखोली वाहत राहिली.

त्सिउरी वरच्या ओढ्याच्या काठावर उभी होती. माणसांचा ढीग सरकत सरकत अगदी तिच्यापुढे आला. मधोमध गोचा, पोटाशी चेंडू कवटाळलेला. पाण्याला एक पाऊल उरलं होतं, एकच!

आणि पाऊल उचलेना. त्याच्या पायांना खालून कुणीतरी घट्ट मिठी मारली होती. वरून माणसं कोसळतच होती. बाया ओरडत होत्या, ढोल बडवला जात होता, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. गोचाच्या गुडघ्यांमधून त्सिउरीला एक तोंड दिसलं. काळंनिळं पडलेलं, चिखलाने भरलेलं. दातोचं तोंड. आता त्याची मिठी सुटली होती आणि डोळे पांढरे होत होते.

गोचाने खाली पाहिलं. मग वर, आईकडे.

"सोडू नकोस!" त्सिउरी किंचाळली. "सोडू नकोस, गोचा! पाय टाक!"

गोचा क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने सगळा जोर लावून चेंडू मागे ढकलला, खालच्या गावच्या ओतारच्या छातीवर. ओरडून ढीग हलणार नव्हता, तो चेंडूमागेच हलणार होता. तसंच झालं. माणसांचा लोंढा उलटा धावत सुटला आणि ओढ्याकाठी उरले तिघे: चिखलात पडलेला दातो, त्याच्या तोंडात बोटं घालून चिखल काढणारा गोचा, आणि त्सिउरी.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हे कोण बोललं? आपण? पुनरुत्थानाच्या दिवशी? ज्याला या हातांवर धरला, त्याच्या छातीवर पाय देऊन जा, असं आपण पोटच्या पोराला सांगितलं? जाऊन दातोचं डोकं मांडीवर घ्यावं, तर पाऊल उचलेना.

दातो खोकला. ओकला. मग त्याने लांबलचक श्वास ओढला. खालच्या ओढ्याकडून जिंकल्याची आरोळी ऐकू आली.

दातोची आई लमारा ऊर फुटेस्तोवर धावत आली. पोराला चाचपून झाल्यावर ती उठली आणि तिने त्सिउरीलाच मिठी मारली. "तुझ्या लेकाने माझा लेक परत दिला गं! अशी आई असल्यावर दुसरं काय होणार!"

पाद्रीबाबा म्हणाले, "मी प्रवचन देतो, गोचाने करून दाखवलं. धन्य तुझं वळण, त्सिउरी."

शेजारणी डोळे पुसत होत्या. गोचाने आईकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी दोन्ही गावं कबरस्तानाकडे निघाली. लमाराने त्सिउरीचा हात सोडला नव्हता. फाटकातून आत शिरल्यावर ओतार चेंडू खांद्यावर घेऊन थेट लेवानच्या कबरीपाशी थांबला.

"माझ्या बापाच्या कबरीवर ठेवायचा होता," तो म्हणाला. "पण हा दातो हटूनच बसला. लेवानलाच द्या म्हणे, नाहीतर मी येतच नाही. म्हटलं, बरोबर आहे. घे लेवान, तुझाच हा."

चेंडू कबरीवर ठेवला गेला. सगळ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कुणीतरी त्सिउरीच्या हातात वाइनचा पेला दिला. आईने दोन शब्द बोलावेत म्हणून सगळे गप्प झाले.

हवं ते मिळालं होतं. आणि त्सिउरीला तिकडे बघवेना.

"मी ओरडले होते," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"गोचाने माझं ऐकलं नाही, म्हणून दातो जिवंत आहे. मला त्याचं तोंड दिसत होतं. मरतोय हे दिसत होतं. तरी मी म्हटलं, सोडू नकोस, पाय टाक."

लमाराची बोटं एकेक करून तिच्या हातातून सुटली. पाद्रीबाबांनी मान खाली घातली.

"आई, पुरे," गोचा पुटपुटला.

दोघांच्या खांद्यांवर भार टाकून उभा असलेला दातो पुढे सरकला. त्याचा आवाज बसला होता, मोठ्या कष्टाने शब्द फुटत होते.

"ठाऊक आहे, माई. एवढ्या गलक्यातही तुझाच आवाज आला मला. म्हणून तर म्हटलं, चेंडू इथंच ठेवा. तुला तो किती हवाय, ते मला तेव्हाच कळलं."

त्सिउरीने पेला खाली ठेवला. ती मटकन खाली बसली आणि सगळ्या गावादेखत, लेवानला पुरला त्या दिवशीही रडली नव्हती तशी, दातोचे चिखलाने भरलेले बूट धरून रडू लागली.