खांद्यात घट्ट

मी एक शर्ट आहे. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा. दुकानाच्या फळीवर माझ्यासारखे पंधरा-वीस पडले होते, तेव्हा मी काही फुशारकी मारत नाही. पण माझ्या वाट्याला जे आलं ते सगळ्याच शर्टांच्या वाट्याला येत नाही, म्हणून बोलतो.

मला एका वयस्कर गृहस्थांनी विकत घेतलं. बरोबर बायको होती. मुलगा सैन्यात, दूर बर्फातल्या एका चौकीवर. सणाला घरी येणार नव्हता, म्हणून त्याला पार्सल पाठवायचं होतं. गृहस्थांनी माझ्या टाचण्या काढल्या, मला झटकलं आणि सरळ स्वतःच्याच अंगात चढवलं. आरशासमोर उभे राहून हात वर-खाली करून पाहिले.

दुकानदार म्हणाला, "काका, शोभतोय तुम्हाला."

"मला नको, मुलाला हवाय. आमचं माप एकच."

बायकोचं म्हणणं होतं, तो आता रुंद झालाय, एक नंबर मोठा घ्या. पण या गृहस्थांचं म्हणजे आपलं तेच खरं. मुलगा भरतीला निघाला तेव्हा जेवढा होता, तेवढाच त्यांच्या डोळ्यांत राहिला होता. मला लोकरीच्या मोज्यांबरोबर खोक्यात घातलं. वर पत्ता त्यांनीच घातला, मोठ्या ठसठशीत अक्षरात.

पुढे बर्फाने रस्ता बंद झाला आणि मी कुठल्याशा गोदामात अडकून पडलो. मी तिथे असतानाच ते गृहस्थ गेले. बातमी माझ्याआधी चौकीवर पोचली. बातमीला रस्ता लागत नाही.

ती कशी पोचली, हे मला मागाहून चौकीवरच्या बोलण्यातून कळलं. मुलगा तिथला वायरलेस सांभाळायचा. त्याच्याच कानाला हेडफोन होता. खालून निरोप सांगणाऱ्याला पलीकडे कोण ऐकतंय ते माहीत नव्हतं. अमक्या नंबरच्या जवानाचे वडील वारले, त्याला कळवावं. नियमाप्रमाणे मुलाने निरोप शब्द न् शब्द परत वाचून दाखवला, "बरोबर?" असं विचारलं आणि पोचल्याची खूण दिली. मग उठून तो चौकीच्या प्रमुखाकडे गेला. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांनी हेलिकॉप्टरसाठी खटपट केली, पण हवा उघडेना. दोन दिवसांनी मुलानेच त्यांना सांगितलं, राहू द्या, आता जाऊन तरी काय करू?

तेव्हापासून तो कामापुरतं बोलायचा. जेवण समोर आलं की जेवायचा, पाळी आली की पहाऱ्याला जायचा. रडला नाही. चिडलाही नाही. आचारी दादांना म्हणाला होता, "गार पडलेल्या बोटाला चिमटा काढावा, तसं झालंय याचं."

सणाच्या तोंडावर हवा जरा उघडली आणि टपालाबरोबर मी वर आलो. पत्ता वडिलांच्याच अक्षरात होता. मुलाने खोकं उघडलं, मोजे पायात घातले, माझी घडी खाटेच्या कोपऱ्यात ठेवली. बस्स.

सणाच्या दिवशी सगळ्यांना घरच्यांशी पडद्यावर बोलायला मिळणार होतं. चौकीवरचे कोट रॉकेलच्या धुराने काळवंडलेले, कोपरांना फाटलेले. नुकतंच लग्न झालेला एक जवान होता, त्याला नवरदेव म्हणत. त्याने भीत भीत विचारलं, जरा वेळ तुझा शर्ट घालू का, म्हणजे घरच्यांना बरं वाटेल. मुलगा म्हणाला, घाल की.

मग काय, माझी वरातच निघाली. स्टोव्हजवळ भिंतीला स्वच्छ घोंगडी टांगली आणि तिच्यासमोर एकेक जण मला घालून बसू लागला. नवरदेवाच्या बायकोने विचारलं, एवढा छान शर्ट कुठून घेतलात? त्याने बेधडक सांगितलं, इथल्या बाजारातून. त्या चौकीभोवती मैलोन् मैल बर्फाखेरीज काही नव्हतं. बाकीच्यांनी तोंडं दाबून धरली. दादांनी माझ्या कॉलरीची बटणं पार गळ्यापर्यंत लावली आणि लेकीला अभ्यासाबद्दल विचारत बसले. आचाऱ्याच्या पोटावर माझी बटणं लागेनात, म्हणून तो टेबलामागे बसून आईशी बोलायच्या तयारीत होता. तेवढ्यात मुलाची लाइन लागली, म्हणून आचारी बाजूला झाला.

मुलगा तसाच धुरकट कोटात बसला. पडद्यावर आई होती. जेवलास का, थंडी किती आहे, झालं. मग ती म्हणाली, "शर्ट पोचला का?"

"पोचला."

"मग घालून दाखव ना."

आचाऱ्याने मला इतक्या घाईने उतरवलं की एक बटण तुटून स्टोव्हखाली गेलं. मुलाने मला गरम कपड्यांवरून चढवलं आणि उभा राहिला.

"वळ बघू," आई म्हणाली. तो वळला. घोंगडीकडे तोंड करून उभा राहिला.

"खांद्यात घट्ट झालाय. मी म्हणत होते त्यांना, एक नंबर मोठा घ्या. ऐकतात कुठे!"

मुलगा म्हणाला, "हो." मग लाइन तुटली.

दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो माझ्यावरूनच कोट घालून पहाऱ्याला गेला. माणसं म्हणतात, अशा वेळी काळीज फाटतं. मी त्याच्या छातीवरच होतो, म्हणून सांगतो: काहीच झालं नाही. ठोके संथ पडत होते. बाहेर पांढरं होतं आणि आतही बहुधा तसंच असावं.

रस्ता मोकळा झाल्यावर त्याला सुट्टी मिळाली आणि मला घेऊन तो आईकडे आला. घरी माणसं भेटायला येत, वडिलांचं चांगलं बोलत. तो "हो", "बरं" म्हणे. आई लोकांचे कपडे शिवायची. कामात हात आणि मुलावर नजर. आल्यापासून त्याने वडिलांबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. तिनेही आपणहून काढलं नाही.

आज दुपारी तिने मला मशीनवर घेतलं. उलटं करून शिवणी चाचपल्या.

"रेडिमेडला माया ठेवत नाहीत," ती म्हणाली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. "असती तर उसवून सैल केला असता. आता खालच्या घेरातून पट्टी काढून खांद्यात घालते."

तिने माझे दोन्ही खांदे उसवले. कापताना कापड सरकू नये म्हणून मुलाने माझी एक बाही धरून ठेवली होती. कात्री चालू असताना त्याने विचारलं,

"शेवटचं काय म्हणाले?"

आईने कात्री थांबवली नाही. "चहात साखर कमी आहे म्हणाले."

"होती का कमी?"

"होती रे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, तशीच प्या. प्यायलेच नाहीत."

बाही धरलेली मुलाची मूठ आवळली गेली, इतकी की माझं कापड चुरगळलं. मग अगदी हळू म्हणाला, "सकाळपासून सांग."

आईने कात्री बाजूला ठेवली. खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि सांगायला लागली: त्या दिवशी किती वाजता उठले, कुठला सदरा घातला, पेपर कुठे बसून वाचला.

मी त्या दोघांच्या मध्ये पडलोय, उसवलेला, एक बटण गेलेला. या अवस्थेत शर्टाचा कुणाला काही उपयोग नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी घरात कुणी आलं गेलं, तर एवढं करा. मला उचलून घडी घालू नका आणि शिवायची घाईही करू नका. अजून त्यांचं सकाळचंच चाललंय.