युएलान बाह्या खोचते

पुन्हा.

रेणूने हात झटकले. हातांच्या दुप्पट लांब, पांढऱ्या रेशमी बाह्या उसळल्या, हवेत थबकल्या आणि खाली येता येता तिच्याच पायांत अडकल्या.

"नाही," लिनबाई म्हणाल्या. "ही अजून रडतेच आहे."

ही म्हणजे कोण? मग मुळापासूनच सांगायला हवं.

नागपूरची रेणू अमेरिकेत रेडमंडमध्ये दिवसा सॉफ्टवेअर तपासते आणि संध्याकाळी कम्युनिटी सेंटरमधल्या चिनी ऑपेरात युएलान होते. युएलानचा नवरा अमेरिकेत रेल्वे बांधायला गेलेला, ती गावात वाट बघणारी. जुन्या खेळांतल्या अशा बायका झुरत राहतात, बाह्या डोळ्यांना लावतात. तोंडाने न बोललेलं सगळं बाह्या बोलतात. पण हा नवा ऑपेरा लिनबाईंनी लिहिलेला, आणि बसवतही त्याच होत्या. यातली युएलान शेवटी ठरवते, पुरे झालं वाट बघणं.

रुसायला बाही होती, लाजायला होती, रडायला तर हव्या तितक्या तऱ्हा. 'पुरे' म्हणायला एकही नाही! आज सापडली नाही, तर लिनबाई प्रवेशच कापणार होत्या. आणि रेणूच्या वाट्याला तेवढा एकच प्रवेश.

"सोड ना यार," येताना ड्राइव्ह करत शैलेंद्र म्हणाला होता. "मराठी मंडळाच्या नाटकात घेतीलच तुला."

"तिथे दरवर्षी सासूच करते मी," रेणूने नवऱ्याला सुनावलं होतं.

पुन्हा. उडाल्या, पडल्या. "नाही."

पुन्हा.

आता युएलानने विहिरीवर जायचं, बादली उचलायची. मेल्या बाह्या मध्येच! रेणू वैतागली. गणपतीत मोदक वळायला बसण्याआधी पदर खोचावा, तशा तिने बाह्या सरसर कोपरापर्यंत ओढल्या, लोंबती टोकं कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि बादली उचलली.

ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली.

रेणूने जीभ चावली. इथे बाह्या खोचणं म्हणजे बाईचं तोंडच बांधणं!

"सॉरी, सवयीनं—"

"सॉरी नको. पुन्हा."

तिने पुन्हा केलं. लग्नाच्या फोटोला पोझ द्यावी, तसं झालं.

"मघाशी काय करत होतीस?" लिनबाई पुढे सरकल्या.

"पाण्याला निघाले होते."

"कोणाला विचारून?"

"त्यात कोणाला काय विचारायचं?"

लिनबाईंनी टाळी वाजवली. "हेच! हेच कर!"

पुन्हा!

बाह्या उसळल्या. युएलानने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ओढल्या. खोचल्या. बादली उचलली, आणि ढोल असा कडाडला की मागच्या खुर्चीत फोनमध्ये डोकं घालून बसलेली रेणूची मोना ताडकन उभी राहिली.

"आई! दॅट्स टोटली यू इन द किचन!"

"गप्प बस गं," युएलान चक्क मराठीत ओरडली. "मी निघालेय!"

"तेही ठेव," लिनबाई म्हणाल्या.