नळाला दिवस गेले

गाद्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या बायकांना आणि भिंती नवऱ्यांना, अशी वाटणी आपोआप झाली होती. बायकांच्या मांडीवर झाकणाच्या चिनी मातीच्या वाट्या होत्या. नवरे, शाळेत पोराची तक्रार ऐकायला बोलावल्यासारखे, आपल्याच बुटांकडे बघत उभे होते.

व्यासपीठावर अंकुरमाई बसल्या होत्या. पांढरे सुती कपडे, कानामागून गालावर आलेला माईक, आणि आवाज असा की या बाईनं दात उपटला तरी माणसानं आभार मानावेत.

"झाडाला कुणी सोनोग्राफी केली का?" माईंनी विचारलं.

"नाही!" हॉल म्हणाला.

"गाईला कुणी तपासणीला नेलं का?"

"नाही!"

गाईचीही सोनोग्राफी होते, हे गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं असतं. पण तो गर्दीत नव्हता.

"निसर्गमार्ग! पंचेचाळीस दिवस अंकुर अर्काचे थेंब, मनात श्रद्धा, आणि मग साक्षात्कार. आमच्या हातात काही नाही. दिवस गेले का ते सांगणारी पट्टी तुमची, दुकानातून तुम्हीच आणलेली. वाटी फक्त आमची. बाहेरच्या वाटीला बाहेरच्यांची नजर असते, म्हणून."

नव्यांना साधी पांढरी वाटी मिळे, पंचेचाळीस दिवस पुरे केलेल्यांना सोनेरी काठाची. आत जायचं, लघवीचा नमुना घ्यायचा, लाजेखातर झाकण लावायचं, बाहेर येऊन सर्वांसमोर झाकण किंचित उचलून पट्टी बुडवायची. पांढरीत एक रेष येई, सोनेरीत दोन, म्हणजे दिवस गेले.

धाकटीच्या हातात सोनेरी वाटी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पट्टी बुडवताना शेजारी बसलेल्या थोरल्या जावेनं तिचं मनगट धरलं. पहिली रेष आली. मग, कुणीतरी आतून पेन्सिल ओढावी तशी, दुसरी.

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी रडायला लागली. तिचा नवरा भिंत सोडून दोन पावलं पुढे आला आणि पुढे काय करायचं ते न सुचल्यानं परत भिंतीला गेला.

"थांबा!" माई म्हणाल्या. "यांच्या जाऊबाई लॅबमध्ये तपासण्या करतात. रोज शंभर पट्ट्या बुडवतात. बोला ताई, माईकवर बोला. ही पट्टी खरी की खोटी?"

थोरलीनं पट्टी उलटसुलट पाहिली. पाकीट तिनंच सकाळी मेडिकलमधून आणलं होतं. सील तिनंच फोडलं होतं, तारीखही वाचली होती. तिला आवडो न आवडो, पट्टी अस्सल होती.

"खरी आहे," ती म्हणाली.

"ऐकलंत? विज्ञानानंच सही केली!" माईंनी दोन्ही हात वर केले. आणि मग खाली वाकून धाकटीला, पण माईक चालू ठेवूनच, "बाळा, आजपासून सगळी रसायनं बंद. तुझी ती फिटची गोळीसुद्धा. गर्भाला विष नको."

त्या गोळीवर धाकटीला सात वर्षांत एकही फिट आली नव्हती.

अकराव्या दिवशी आली. ती दप्तरांच्या कारखान्यात शिलाईला होती. मशीन चालू असतानाच ती कोसळली, आणि सुई बोटाऐवजी दप्तरात गेली हे नशीब. सतराव्या दिवशी न्हाणीघरात पडली आणि कपाळ फुटलं. तीन टाके पडले. बधिर करायचं इंजेक्शन तिनं घेऊ दिलं नाही. टाक्याची सुई चालली, इंजेक्शनची नाही. माईंच्या शास्त्रात सुईसुईत फरक होता.

थोरलीच्या दिरानं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, माईंना फोन लावला. परत आला तो मान खाली घालून. "वहिनी, त्या म्हणतात ती फिट नाहीच. अंकुरानं मूळ धरलं की जमीन हलते."

"आणि कपाळ फुटतं?"

दिरानं फोन खिशात टाकला.

फिटच्या डॉक्टरांनी थोरलीला फोनवर स्पष्ट सांगितलं, "तिसरी आली आणि थांबलीच नाही, तर मला फोन करायलाही तुम्हाला सवड मिळणार नाही. तिला घेऊन या."

घेऊन या म्हणे! धाकटी स्वयंपाकघरात पाट्यासारखी घट्ट बसली होती.

"डॉक्टरकडे चल."

"नाही."

"बरं, रक्त तरी तपासू. मी काढते. कळणारसुद्धा नाही."

"सुई टोचली की गर्भ आक्रसतो."

"मग घरी पट्टी बुडव. त्यात काय टोचतंय?"

"घरी तपासलं की तो लाजतो." धाकटीनं पोटावर हात ठेवला. "नऊ वर्षांनी पाहुणा आलाय ताई. दारात उभं करून ओळखपत्र कसलं मागता?"

"अगं, ती बाई काहीही सांगेल..."

"त्या बाईचं सोडा. तुम्ही काय म्हणालात? माईकवर? सगळ्यांसमोर?"

घरातल्या एकुलत्या एका शिकल्यासवरल्या बाईनं खरेपणाचा शिक्का मारला होता, आणि त्या शिक्क्याच्या जोरावर धाकटी मरायला तयार होती.

दोन दिवसांनी लॅबच्या खिडकीशी एक ड्रायव्हर आला. लघवीची साखर तपासायची होती. थोरलीनं पट्टी बुडवली आणि चकित झाली. रंग एवढा गडद की हा माणूस उभा कसा, असा प्रश्न पडावा.

"काका, चक्कर येते? तहान लागते?"

"छे हो! गाडीचा परवाना नवा करायचाय म्हणून आलो."

तिनं बाटली उजेडात धरली. लेबल अर्धवट खरवडलेलं. "ही बाटली कसली?"

"खोकल्याच्या औषधाची. सरबतासारखं गोड असतं बघा. धुतली की मी. म्हणजे, विसळली."

"काका, साखर तुमच्यात नाही, बाटलीत आहे. हजारदा सांगते, नमुना आमच्याच डबीत..."

वाक्य तिथंच थांबलं. ड्रायव्हर काका वाट बघत राहिले. रोज सकाळी आठ ते दोन थोरली याच एका गोष्टीवरून लोकांवर खेकसत होती, आणि त्या हॉलमध्ये मात्र तिनं पाकीट पाहिलं, सील पाहिलं, तारीख पाहिली. वाटी पाहिली नव्हती.

पुढच्या रविवारी धाकटीला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची होती. कपाळावर मलमपट्टी असूनही माईंनी तिला टाळ्या मिळवून दिल्या. थोरलीच्या पर्समध्ये पट्ट्यांचं पाकीट होतं. चुकलं तर? वाटीत काहीच नसलं तर धाकटी पुन्हा कधीच तिचं ऐकणार नव्हती. आणि तिसरी फिट कुणाच्या परवानगीची वाट बघणार नव्हती.

ती उठली. "माई, जरा लाज वाटते सांगायला. हिचा अर्क मीही गुपचूप घेत होते. पंचेचाळीस दिवस."

"वय?"

"सत्तेचाळीस."

माईंच्या डोळ्यांत उद्याची जाहिरात चमकली. "द्या हो ताईंना सोनेरी वाटी!"

"आणि एक पांढरीही द्या. माझ्या मनाच्या खात्रीसाठी."

आत जाऊन थोरलीनं कडी लावली, नळ सोडला, दोन्ही वाट्या भरल्या, झाकणं लावली. बाहेर आली. सगळ्यांसमोर आधी पांढरीत पट्टी बुडवली. एक रेष. मग सोनेरीत.

हॉल श्वास रोखून बसला. थोरलीनंही रोखला. पहिली रेष आली. एक मिनिट गेलं, दोन गेली.

तिसऱ्या मिनिटाला दुसरी रेष उमटली.

"सत्तेचाळीस!" माई किंचाळल्याच. "सत्तेचाळिसाव्या वर्षी! निसर्गाला वयाचं बंधन नाही! बोला ताई, माईकवर बोला!"

थोरलीनं माईक घेतला. दोन्ही झाकणं काढली आणि वाट्या पुढच्या रांगेच्या नाकाखालून फिरवल्या.

"हे पाणी आहे," ती म्हणाली. "तुमच्या मोरीतल्या नळाचं. माई, अभिनंदन. नळाला दिवस गेलेत."

भिंतीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पाण्याला स्मृती असते!" माई सावरल्या. "ताईंच्या हाताचा स्पर्श..."

"दोन्ही वाट्या माझ्याच हातातल्या. पांढरीतला नळ मोकळा कसा?"

"श्रद्धा नसली की असं..."

"नळाला श्रद्धा असते?"

"आणि नऊ महिन्यांनी तो काय देणार, बादली?" भिंतीकडचा एक नवरा ओरडला, आणि हॉल फुटला.

थोरलीनं आवाज चढवला नाही. "गर्भ राहिला की बाईच्या अंगात एक हार्मोन तयार होतं. पट्टी तेवढंच ओळखते. ते बाईकडून आलं की वाटीकडून, हे तिला कळत नाही. तेच हार्मोन इंजेक्शनच्या कुपीत विकत मिळतं. दोन थेंब तळाला पुसून वाळवले की वाटी तयार. पट्टी खोटं बोलली नाही. मी नीट विचारलं नाही."

दोन नवरे व्यासपीठामागच्या कपाटाकडे गेले होते. पहिल्यांदाच त्यांना काहीतरी काम मिळालं होतं. सोनेरी वाट्यांच्या थप्पीमागे रिकाम्या कुप्यांचा खोका निघाला. माई पळताना गालावरचा माईक काढायला विसरल्या. जिन्यावरून त्यांची धापही स्पीकरवर ऐकू येत होती.

धाकटी मात्र जागची हलली नव्हती. "मग माझी पाळी? दोन महिने आली नाही. ती कुणी थांबवली?"

"अर्कानं, असं मला वाटतं. तो तू अजून घेतेसच. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या असतात. त्या कुटून घातल्या असतील." पुढं अर्काची बाटली तपासली तेव्हा तसंच निघालं.

"तुमची ती डबी आहे का? लॅबची?"

थोरलीनं सीलबंद डबी आणि नवी पट्टी दिली. धाकटी आत गेली. कडी लागली. बाहेर चाळीस बायका आपापल्या वाट्या मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवत होत्या, पेटलेला निखारा ठेवावा तशा.

ती बाहेर आली तेव्हा पट्टी मुठीत होती.

"पाच मिनिटं थांबायचं ना?"

"हो."

"मी दहा थांबले." तिनं मूठ उघडली. एक रेष. "तुम्ही माझं लेकरू नेलंत ताई."

"हो," थोरली म्हणाली. दुसरं काही म्हणता आलं असतं. पण धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून ती उभी राहिली, आणि धाकटीनं तो झटकला नाही.

संध्याकाळी ते तिघं फिटच्या डॉक्टरांसमोर होते. धाकटीनं गोळी घेतली, कडू तोंड केलं, आणि विचारलं, "हिच्यावर मूल होतं?"

"होतं. पण ही नको, दुसरी देऊ. गोळी बदलायची असते बाई, सोडायची नसते. मी लिहून देतो त्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आधीपासून घ्या. नीट जेवा, झोपा, चाला, तेही औषधच. आणि," डॉक्टर दिराकडे वळले, "नऊ वर्षांत तुमची तपासणी?"

"माझी? मला काय झालंय?"

"उद्या सकाळी," धाकटी नवऱ्याला म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिचा आवाज तिचा स्वतःचा होता. "साडेआठला, ताईंच्या लॅबमध्ये. तिथं लाजायचं नाही."

वाचकहो, मूल हवंसं वाटणं हा भोळेपणा नाही. त्या वाटण्यावर दुकान थाटणारे आहेत, एवढंच लक्षात असू द्या. पाला, मुळी, श्वास, चालणं, यांतलं जे उपयोगी आहे ते तपासून घ्यायला घाबरत नाही. जो माणूस तपासू नका म्हणतो, घरी बघू नका म्हणतो, चालू औषध सोडा म्हणतो, त्याला तिथल्या तिथं, सर्वांसमोर, तीनदा 'का?' विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गोळी चालू ठेवा.