शेऱ्याचा रकाना

“एकशे चौदा पक्षी, आणि झाडून सगळ्यांचं वजन सहाशे दहा ग्रॅम? बाई, इतके जुळे तर देवालाही जमायचे नाहीत.”

गणितवालीनं संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. जुनी गणितं तपासायला ती वरच्या कचेरीतून महिन्याभरासाठी पक्षी-केंद्रावर आली होती. हे गणित केंद्र चालवणाऱ्या सरांचं. दर विणीच्या हंगामात किनाऱ्यावरचे कुरव पक्षी धरायचे, पायात आकड्याचं कडं घालायचं, वजन करून सोडायचं. पुढच्या वर्षी कोण पुन्हा दिसला, जुन्याच जोडीदाराबरोबर की नव्या, ते लिहायचं. न दिसलेला मेला की नुसता नजरेतून निसटला, याचा अंदाज संगणक बांधायचा. त्यातून सरांनी सिद्ध केलं होतं की हलक्या पक्ष्यांची जोडी टिकते आणि भारी पक्षी जोडीदार बदलतात. त्या एका वाक्यावर सर अकरा वर्षं सत्कार घेत होते.

“पण गणित बसतच नाही,” गणितवाली म्हणाली. “दर वेळी नवं उत्तर. हे एकशे चौदा बाजूला काढले की मात्र गुमान बसतं. आले कुठून हे?”

“मी वजनं नुसती लिहायचे,” बाई म्हणाल्या. “धरायचे ते हे.”

हे म्हणजे बाईंचे यजमान. केंद्रावर त्यांना सगळे कडेवाले म्हणत. अकरा वर्षांपूर्वी, त्या हंगामात, एकशे चौदा घरट्यांत अंडी फुटून पिल्लं नुकती बाहेर आली होती. वर बसलेला पक्षी उठला तर उन्हात ओलं पिल्लू पाच मिनिटं टिकत नाही. कडेवाल्यांनी बसलेल्यांना हात लावला नाही. दुर्बिणीतून कड्याचा आकडा वाचला, वजनाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली, शेऱ्यात कारण लिहिलं. सरांनी याच खोलीत, सगळ्यांदेखत, वही त्यांच्यापुढे आपटली.

“ही वही आहे की रेघोट्यांची पाटी?”

“शेरा वाचा, सर.”

“शेरे मोजता येत नाहीत. कामचुकारपणा मोजता येतो.”

कडेवाल्यांनी खिशातून कडी आवळायची पक्कड काढली, टेबलावर ठेवली आणि घरी आले. दोन वर्षं खिडकीत बसले. मग खिडकीही नकोशी झाली, आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत.

वही बाईंनी त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणली होती. सरांकडे उरली ती आकड्यांची नक्कल. तिच्यातल्या रिकाम्या जागा त्यांनी कशानं भरल्या, ते बाईंना आज कळलं: त्या हंगामातल्या सगळ्यांत कमी वजनानं.

बाई नोकरीला तिथंच राहिल्या. लोक म्हणाले, किती सोशिक. सोशिक कसल्या? अकरा वर्षं त्यांनी राग एखाद्या नेमासारखा पाळला होता. एक दिवस खाडा नाही, कुठं बोभाटा नाही.

“मूळ वही सापडली तर बरं,” गणितवाली म्हणाली. “शनिवारी समिती सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मंजूर करणार. वही नसेल तर मला ‘नोंदणाऱ्याची चूक’ असंच छापायला द्यावं लागेल.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “बघते.”

त्याच संध्याकाळी सर बाईंचा जिना चढून आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“बाई, जुनं कशाला उकरायचं? तेव्हा पद्धतच तशी होती. वही मला द्या, मी आतल्या आत दुरुस्त करतो. त्यांचा उल्लेखच येणार नाही. चांगला नाही, वाईट नाही.”

“पाणी घ्या.”

“वही आहे ना पण?”

“शोधते.”

वही सरांच्या डोक्यामागच्या फळीवर होती. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. बाई पाणी द्यायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, शोधते. तीन मजले होते. सरांचे गुडघे बाईंना ठाऊक होते.

शनिवारी त्याच खोलीत समितीचे चौघे बसले तेव्हा बाईंनी वही काढली. सरांनी हात पुढे केला.

“देते,” बाई म्हणाल्या. “पण शेरे तुम्ही वाचायचे. मोठ्यानं. ही टिपून घेईल.” त्यांनी गणितवालीकडे बोट दाखवलं.

“एकशे चौदा?”

“मोजता येतात की.”

समितीतलं कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सर वाचू लागले.

“कडं चारशे सात. बसली आहे. पिल्लं ओली. उठवली नाही. कडं चारशे बारा. बसला आहे. जोडीदारीण मासे घेऊन आली. उठवला नाही.”

तिसाव्या शेऱ्याला गणितवालीचा हात थांबला. “म्हणजे रेघ फक्त बसलेल्यांना पडलीय. बसलेले म्हणजे बहुतेक जोडी शाबूत असलेले. नेमकं त्यांनाच आपण सगळ्यांत हलकं ठरवलं. मग हलक्यांचीच जोडी टिकणार, दुसरं होणार काय?”

सर वही मिटू लागले.

“चौऱ्याऐंशी राहिले, सर,” बाई म्हणाल्या.

साठाव्याला सरांचा आवाज बसला, नव्वदाव्याला चिरकला. पाण्याचा पेला बाईंच्या हाताशी होता. त्यांनी तो सरकवला नाही. आत कुठं तरी गार वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

“कडं सहाशे एक,” सर शेवटच्या ओळीवर आले. “बसली आहे. जोडीदार तीन दिवस दिसला नाही. तरी...”

“वाचा.”

“तरी जागा सोडलेली नाही. उठवली नाही.”

ही ओळ बाईंना ठाऊक नव्हती. शेरे हे स्वतःच लिहायचे. वही त्यांनी अकरा वर्षं जपली, पण शेवटपर्यंत कधी वाचली नव्हती. त्यांनी पेला उचलला आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“पक्कड,” त्या म्हणाल्या.

सरांनी मान वर न करता टेबलाचा खण उघडला. पक्कड तिथंच होती, गंजून तपकिरी झालेली.

दुपारी गणितवाली त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर आली. वजनाची पिशवी तिनंच हौसेनं खांद्याला लावली होती. दगडांच्या आडोशाला एक कुरव बसली होती. तिच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

“धरायची का हिला?”

बाईंनी दुर्बीण लावून कड्याचा आकडा वाचला. खिशातली पक्कड मांडीला टोचत होती. वजनाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली आणि पुढच्या रकान्यात, कडेवाल्यांसारखं जरा डावीकडे कललेलं अक्षर काढत, लिहिलं: बसली आहे.