दुसऱ्या डिस्कचा भार

आमच्या घरात कुठलंही बटण दाबण्याआधी विचारावं लागे. खडकीच्या क्वार्टरमध्ये ती गरजच होती. इस्त्री आणि विजेची शेगडी एकाच वेळी लागली की फ्यूज उडायचा आणि सगळं घर अंधारात. म्हणून पद्धत पडली. ज्याला काही लावायचंय त्याने आधी मोठ्याने "लावू का?" असं विचारायचं, आणि दुसऱ्याने हातातलं बंद करून "इस्त्री काढली, लाव" असं सांगायचं. उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बाबा तिथल्याच कारखान्यात वीज विभागात होते, त्यामुळे या नियमाला अपील नव्हतं.

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये आलो. इथलं वायरिंग चांगलं दणकट, पण सवय कुठली सुटायला! मिक्सर लावण्याआधी आई ओट्यापाशी थांबायची, विचारायची, आणि बाबा पेपरातून डोकं न काढता उत्तर द्यायचे. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. मैत्रिणी घरी असल्या की तर विचारूच नका.

मग आई गेली. घरात मी आणि बाबा उरलो, आणि आमचं विचारणं आपोआप बंद पडलं. मिक्सर मुकाट लागायचा. इतकी वर्षं जे नकोसं होतं तेच ऐकू येईना, तेव्हा मला घर खायला उठलं.

आईचा आवाज एका कॅसेटवर होता. खडकीत ती दरवर्षी भोंडला घालायची, आणि बाबांनी टेपरेकॉर्डर आणला त्या वर्षीची गाणी तिने भरून ठेवली होती. कॅसेटला बुरशी आली होती. मी टेपरेकॉर्डरची वायर काँप्युटरला जोडली आणि गाणी आत घेतली. बाबांना ऐकवणार नाही म्हणून स्पीकर बंद ठेवला होता, त्यामुळे मीही काही ऐकलं नाही. शेवटाला फीत तुटली. बाबा म्हणाले, "असू दे. वर्षश्राद्धाला ऐकू."

वर्षश्राद्ध जवळ आलं आणि काँप्युटरची हार्ड डिस्क करकरायला लागली. आईची गाणी त्या एका डिस्कवर, दुसरीकडे कुठेच नाहीत. मला रडूच आलं. बाबांनी शांतपणे चपला घातल्या आणि आम्ही बुधवार पेठेत गेलो. काँप्युटर जिथे जोडून घेतला होता ते श्यामसुंदर यांचं दुकान उघडं होतं, म्हणजे दुपारी एकच्या आत पोचलो होतो.

"आमच्या पॉवर सप्लायला आणखी एक डिस्क झेपेल का?" बाबांनी विचारलं.

"काका, लोक चार-चार लावतात."

"लोकांचं राहू द्या. आमच्याला झेपेल का?"

"चारशे वॉट लिहिलंय ना त्याच्यावर?"

"लिहायला काय, मी कपाळावर लिहून फिरेन. वजन किती आहे त्याचं? हातात घेतलं तर रिकाम्या डब्यासारखं लागतं."

श्यामसुंदर यांनी चष्मा वर सरकवला. "मग मोठा सप्लाय घ्या. सोमवारी येईल. नाहीतर पुढे दुकानं पुष्कळ आहेत."

सोमवारपर्यंत जुनी डिस्क तग धरेल याची खात्री कुणालाच नव्हती. नवी डिस्क तेवढी घेतली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. शुक्रवारी सकाळी बाबांनी आधी फ्रिज बंद केला. मी म्हटलं, "अहो बाबा, फ्रिजचा काय संबंध? हा प्रश्न डब्याच्या आतला आहे." ते म्हणाले, "असू दे. तेवढाच निवांतपणा." दूध नासणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी नवी डिस्क जोडली, बटण दाबलं. डब्यातला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. जुनी डिस्क टक् करून गप्प. डबा उघडून आपणच ती मारली, असं वाटलं. बाबांचाही चेहरा उतरला होता. ते पलंगाच्या कडेला बसले. मग नेहमीच्याच सुरात म्हणाले, "हेमा, आत काय काय चालू आहे?"

मी डब्यात डोकं घातलं. "सीडी ड्राइव्ह."

"आज सीडी ऐकायची आहे का?"

"नाही."

"मग काढ. आणखी?"

"फ्लॉपी. आणि तो दिव्याचा पंखा." निळा दिवा असलेला तो पंखा मी हट्टाने बसवून घेतला होता.

"काढ. दोघींनाच ठेव. डिस्कची मोटार उठताना सगळ्यात जास्त खाते, एकदा फिरायला लागली की गप बसते. उठेपर्यंत तिच्या ताटात दुसऱ्याने हात घालायचा नाही."

मी तिन्हींच्या वायरी ओढून काढल्या. माझं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. विचारावंसं वाटलं, पण न विचारताच दाबलं. पंखा फिरला, फिरत राहिला. जुनी डिस्क करकरली, अडखळली आणि चालू झाली. पडद्यावर दोन्ही डिस्क दिसल्या.

एकच फाइल होती, पण भलती मोठी. ती नव्या डिस्कवर जायला दुपार झाली. तेवढ्या वेळात बाबांनी मला छताचा पंखा लावू दिला नाही, दाराची बेल वाजवू नये म्हणून शेजारी सांगून आले, आणि मग आत जाऊन भांडी घासत बसले. त्यांना खोलीत थांबवत नव्हतं. फाइल पूर्ण आली. आलेलं नीट आहे की नुसता खरखराट, हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. वर्षश्राद्धापर्यंत मला धीर नव्हता. मी बाबांना न सांगता स्पीकर लावला.

आधी खरखर आली. मग अगदी जवळून, ओट्यापाशी उभी असावी तशी आई म्हणाली, "अहो, लावू का?"

"फ्रिज बंद आहे, लाव," स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले.

नळ चालूच राहिला. स्पीकरमधून बाबांचा तरुण आवाज आला, "इस्त्री काढली, लाव." शेगडीचं बटण खटकलं आणि मग बायकांच्या टाळ्या सुरू झाल्या, त्यात सगळ्यांच्या वर आईचा आवाज.

बाबा साबणाच्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. गाणी संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.