अकराचं अंतर

अर्शियाला तिच्या लघुप्रबंधासाठी साठ बायका हव्या होत्या. नांदेडच्या एका कॉलेजात ती मानसशास्त्रात एम.ए. करत होती. माणसाला काय महत्त्वाचं वाटतं आणि त्यातलं काय आपल्याला मिळेल असं वाटतं, यातलं अंतर मोजायचं, असा तिचा विषय. त्यासाठी बारा कार्डं होती. आरोग्य, मान, शिकणं, मोकळेपणानं फिरणं, असं एकेका कार्डावर एकेक. बाईनं ती आधी महत्त्वाप्रमाणं लावायची. मग गोळा करून पुन्हा लावायची, या वेळी मिळण्यासारखं काय ते आधी. दोन्ही क्रमांकांतला फरक म्हणजे अंतर; ते जितकं मोठं, तितका मनावरचा ताण जास्त. तीन महिन्यांनी हेच परत करायचं.

नांदेडात चाळीस बायका झाल्या. उरलेल्या खेड्यातल्या घे, असं तिचे मार्गदर्शक मृत्युंजय सर म्हणाले. म्हणून डिसेंबरात ती एसटीनं लातूरला आणि तिथून मुरुडला गेली. तिथं तिच्या आईच्या बहिणीचं, बिलकीस खालाचं, बांगड्यांचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका बांगड्या भरायला यायच्या. बांगडी अर्ध्या हातावर आली की खाला म्हणायची, "आमच्या पोरीची परीक्षा आहे, तिचं काम केल्याबगर जायचं न्हाई." अर्ध्या हातावर बांगडी असताना कोण नाही म्हणणार?

केवळाबाई तशीच सापडली. पन्नाशी उलटलेली, उन्हानं रापलेली, खणखणीत आवाजाची बाई. नवरा व्यंकट गुरांचं बघायचा. आठ एकर शेताचा कारभार हिच्याकडं.

"मला वाचता येत न्हाई बरं का," तिनं आधीच सांगून टाकलं.

"चित्रं हायेत, मावशी," अर्शिया म्हणाली. कार्डांवरची चित्रं तिनं स्वतःच काढली होती. मानासाठी खुर्ची, शिकण्यासाठी उघडं पुस्तक.

केवळाबाईनं पुस्तक उचललं आणि सगळ्यांच्या आधी ठेवलं. मग उरलेली अकरा झरझर लावली. दुसऱ्या वेळी तेच पुस्तक तिनं सगळ्यांच्या शेवटी सरकवलं.

"एवढं महत्त्वाचं वाटतंय शिकणं?"

"पेरा कधी, बियाणं कोणतं, समदं लोक मला इचारतेत. अन फवारणीच्या डब्यावर काय लिहिलंय ते मी दुसऱ्याला इचारते."

"मग मिळण्यात शेवटी का?"

"आता कोण शिकवायलंय मला?"

अर्शियानं कागदावर अकरा लिहिलं. याहून मोठा फरक बारा कार्डांत होऊच शकत नव्हता आणि तोवर कुणाचा झालाही नव्हता. मनातल्या मनात ती खूश झाली.

"मोजलंस?" केवळाबाईनं विचारलं. "मग आता?"

"आता म्हंजे?"

"डॉक्टर ताप मोजतोय, मग गोळी देतोय."

"हे नुसतं मोजायचं असतं, मावशी."

"असं व्हय," म्हणून केवळाबाई बांगड्या सावरत उठली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत अर्शिया तेच मनात घोळवत होती.

मार्चमध्ये ती परत आली. हरभरा निघाला होता, केवळाबाईला सवड होती. या वेळी पुस्तकाचं कार्ड तिनं महत्त्वात अकरावं ठेवलं आणि मिळण्यातही अकरावं. अंतर शून्य. अर्शियाला वाटलं, मावशीची लावताना चूक झाली असेल.

"मावशी, मागच्या वेळी हे पहिलं होतं."

"तव्हा होतं."

मग केवळाबाईनंच सांगितलं. डिसेंबरात घरी गेल्यावर तिनं सुनेला, दीपमालाला म्हटलं, मला नाव लिहायला शिकव. दीपमालानं पाटी आणली. पंधरा दिवसांत केवळाबाई नाव लिहू लागली. मग बचत गटाची बैठक झाली. ठरावाच्या वहीवर तिनं अंगठ्याऐवजी पेन मागितला. 'के' झाला, 'व' झाला, 'ळा'पाशी हात अडला. मागं बायका खोळंबलेल्या. गटाची अध्यक्ष कमलम्मा म्हणाली, "अक्का, अंगठा द्या, संध्याकाळ व्हायली."

"वाईट न्हाई बोलली ती. हसत बोलली. बाया हसल्या, मीबी हसले. अंगठा दिला अन घरी येऊन पाटी नातीला देऊन टाकली." केवळाबाईनं कार्डं एकावर एक रचली. "तू इचारलंस म्हनून मनात भरलं बघ. न्हाईतर मी कुठं रडत होते?"

अर्शियानं शून्य लिहिलं आणि कागद दुमडला.

नांदेडला मृत्युंजय सरांनी आकडे पाहिले. "छान. या बाईचा ताण कमी झालाय."

"सर, कमी झाला नाही. तिनं मागणंच सोडलं."

"फॉर्मवर तसं दिसत नाही."

"म्हणून तर सांगते. तिला मिळालं असतं तरी शून्य आलं असतं, आणि तिनं सोडलं तरी शून्यच आलं. आणि सर, सोडलं ते माझ्यामुळं. मी विचारलं नसतं तर ती त्या पेनाला हात लावायला गेली नसती."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आकड्याला हात लावू नको. पण शेवटच्या प्रकरणात हे लिही. आपल्या मोजपट्टीची मर्यादा म्हणून लिही." तिनं तीन पानं लिहिली. सरांनी त्यांतली दोन काढली, एक ठेवलं.

लघुप्रबंध जमा झाल्यावर मे महिन्यात ती कार्डं न घेता मुरुडला गेली. दर आठवड्याला नांदेडहून येऊन केवळाबाईला शिकवावं, असं तिच्या मनात होतं. पण जाण्यायेण्यात दिवस मोडत होता आणि जूनपासून तिला एका शाळेत समुपदेशकाचं काम लागलं होतं. ते जमणार नव्हतं. मग तिनं खालाला गळ घातली.

"मी?" बिलकीस म्हणाली. "मी सातवीत शाळा सोडली."

"सातवी पुष्कळ झाली, खाला. दुपारी तुमच्या दुकानात कोण येतं?"

"माशा येतात," खाला म्हणाली आणि तयार झाली.

केवळाबाई तयार होईना. एकदा हसं झालं तेवढं पुरे, म्हणाली. अर्शिया तिच्या शेतावर गेली आणि सरळ माफी मागितली. "मी फक्त इचारून गेले, मावशी. पुढचं काहीच बघितलं न्हाई. चुकलं माझं." केवळाबाईनं तुरीच्या काड्यांची मोळी आवळून बांधली. मग म्हणाली, "बाजाराच्या दिवशी येते. रोज जमायचं न्हाई." खरीप सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतून एकदाच जमू लागलं.

दिवाळीनंतर खालाचा फोन आला. गटाच्या बैठकीत केवळाबाईनं पूर्ण नाव लिहिलं होतं. वेळ लागला, पण बायका थांबल्या. जुन्या कागदांवर अंगठा आहे म्हणून कमलम्मानं खाली अंगठाही घेतला. केवळाबाईनं तोही दिला.

"आणि फवारणीच्या डब्यावरचं वाचता येतं का?" अर्शियानं विचारलं.

"मोठी अक्षरं येतात. बारीक न्हाई. जोडाक्षराला तर ती हातच लावू देत न्हाई, भांडते माझ्याशी," खाला म्हणाली. "चल ठेवते, गिऱ्हाईक आलंय."